तक्रारींना दिलेली उत्तरं

भडगाव, ९ फेब्रुवारी २०२५

आज आम्हाला पहिल्यांदा एकच तारा मिळाला. पाचपैकी एक. तीन महिन्यांत कधी चारच्या खाली गेलो नव्हतो. नागपूरचे कोणी गृहस्थ लिहितात, 'काळा मसाला मागवला होता. मसाला कमी, मीठच जास्त. भाजी टाकून द्यावी लागली.'

सारिकानं दिवाळीत नाशिकहून येऊन मोबाइलवर हे दुकान उघडून दिलं, तेव्हाच मी तिला विचारलं होतं, की तोंड न बघता लोक खाण्याची वस्तू घेतील कशी? ती म्हणाली, "नाना, तुम्ही फक्त फोटो टाका आणि लेबलं चिकटवा. आईच्या हाताला अख्खं भडगाव ओळखतं." ते खरंच आहे. चारुलताच्या ज्वारीच्या बिबड्या, उडदाचे पापड आणि काळा मसाला तीस वर्षं गल्लीत, माझ्या शाळेत, लग्नघरांत जातो आहे. दुकानाचं नाव सारिकानंच ठेवलं, 'अक्कांच्या हातचे'. आमची कामं वाटलेली आहेत. करणं आणि पाकिटं भरणं तिचं. लेबलं, खोकी बांधणं आणि पत्रव्यवहार माझा. प्रत्येक पाकिटात ती स्वतःच्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी टाकते, कसं तळायचं, कसं ठेवायचं याची. लोकांना ती चिठ्ठी फार आवडते.

मी तक्रार वाचून दाखवली तर ती म्हणाली, "दुसरा पाठवून द्या ना त्यांना."

मी म्हटलं, "का पाठवू? तीस वर्षांत तुझ्या मसाल्यात कधी मीठ जास्त झालं नाही, ते यांच्याच पाकिटात कसं झालं?"

मसाला मी चाखला नाही. दोन वर्षांपूर्वी हृदयात जाळी बसवली तेव्हापासून मला मीठ जवळजवळ बंद आहे. माझं वरण ती वेगळं करते. पण चाखायची गरजच काय? मी उत्तर लिहिलं: 'महोदय, आपली तक्रार वस्तुस्थितीला धरून नाही. आपल्या घरी भाजीत दोनदा मीठ पडले असावे, याची खातरजमा करावी.'

शाळेत एकतीस वर्षं कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. खोट्या अर्जाला कसं उत्तर द्यायचं हे मला शिकवायला नको.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. धुळ्याच्या एका माणसाचा निरोप आलाय. नाव मोतीलाल. त्यानं बिबड्या मागवल्या होत्या, त्याला पापड मिळाले. भाषा सभ्य आहे, तारे दिलेले नाहीत. 'गडबडीत अदलाबदल झाली असेल, राग नाही' असं लिहिलंय.

राग नाही! म्हणजे चूक आमची असं धरूनच चालला. लेबल मी स्वतः चिकटवलं होतं, त्यावर 'बिबड्या' असंच होतं. पाकीट तिनं भरलं होतं. डोळे मिटून डब्याला हात लावला तरी ती आत काय आहे ते सांगते. मी तसं लिहिणारच होतो, पण ती अडून बसली. "पाठवा त्यांना बिबड्या. माझ्यासाठी पाठवा." एवढ्या काकुळतीनं म्हणाली की मी पाठवल्या. आता हा माणूस दर वेळेला हेच करणार.

दुपारी जेवायला बसलो तर तिनं स्वतःच्या ताटात भाकरी घेतली होती. मी म्हटलं, "अगं, आज उपास ना?" तिनं हातातला तुकडा बघितला आणि हसली. म्हणाली, "मोडला मग." लग्नाला छत्तीस वर्षं झाली, महाशिवरात्र तिनं कधी मोडली नव्हती. वयाप्रमाणे उपास सोडले तर बरंच आहे. मी कधीपासून सांगतोय.

८ मार्च

रावेरच्या मंतशा नावाच्या बाईनं आज फोटो टाकलेत. पापड एकमेकांना चिकटलेले, वर हिरवी बुरशी. लिहिते, 'रमजानसाठी दोन किलो मागवले. इफ्तारला पाहुणे होते. पाकीट उघडलं तर हे. ओले पापड भरून पाठवणाऱ्यांना लाज वाटली पाहिजे.'

लाज हा शब्द मला सहन झाला नाही. चारुलता पापड दोन दिवस उन्हात वाळवल्याशिवाय डब्याला हातही लावू देत नाही. मी पुढचं उत्तर लिहिलं आणि सगळ्यांना दिसेल असं टाकलं: 'माल कोरडाच पाठवला होता. आपण ओलाव्यात ठेवून फोटो काढला, हे उघड आहे. फुकट माल लाटण्याची ही रीत आता जुनी झाली.'

आमचं पार्सल न्यायला अय्युबभाई येतात. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, कुरिअरच्या कामाला लागून त्यांना बरीच वर्षं झाली. त्यांना मी मोबाइल दाखवला. त्यांनी वाचलं आणि परत दिला. म्हणाले, "नाना, रमजानमध्ये बाई खोटं कशाला लिहील?"

"रमजान काय आणि शिवरात्र काय, लबाड माणसाला सगळे दिवस सारखेच."

ते खोकी उचलून निघाले. चारुलतानं मागून हाक मारली, "अय्युबभाऊ, एक राहिलं." आणि आतून एक खोकं आणून दिलं. ते रिकामं खोकं होतं, वर जुनं लेबल. अय्युबभाईंनी ते घेतलं, दारामागे ठेवलं आणि तिला म्हणाले, "हां अक्का, घेतलं."

मी नंतर तिला म्हटलं, "थकतेस तू. दुपारी पडत जा."

१९ मार्च

आज फार चांगला दिवस. पुण्याच्या किरण नावाच्या मुलीनं बहिणीच्या लग्नासाठी चाळीस पाकिटं पापड मागवले. पाहुण्यांना द्यायला. 'गावाकडची चव पाहिजे, चिठ्ठीसकट' असं लिहिलंय.

चारुलता लगेच डाळ काढायला उठली. पीठ कुटताना गात होती. तिच्या माहेरची, पिंपळनेरकडची जात्यावरची गाणी. सगळी अहिराणीत. अलीकडे ती घरातही जास्त अहिराणी बोलते. मी हेडक्लार्क झालो तेव्हा तिनं हट्टानं शुद्ध मराठी बोलायला सुरुवात केली होती, शाळेतल्या बाया हसतील म्हणून. आता ते ओझं तिनं उतरवून ठेवलेलं दिसतं. मला बरं वाटतं ऐकायला.

आणखी एक. आज वरणात मीठ होतं. चांगलं भरपूर. मी घास घेतला आणि तिच्याकडे बघितलं, पण ती आपली जेवत होती. दोन वर्षांनी वरणाला चव लागली. तिला माझी दया आली असेल. मी काही बोललो नाही, सगळं वरण संपवलं.

२ एप्रिल



किरणचा फोन आला. चाळीसपैकी अकरा पाकिटांत पापड नाहीत. घडी घातलेली जुनी फडकी आहेत. सुती, धुतलेली, ज्यांच्यावर पापड वाळत घालतात ती. वर चिठ्ठी नीट घातलेली. तिनं पाहुण्यांच्या हातात दिल्यावर एकेकाच्या घरून फोन यायला लागले.

मी म्हटलं, "बाई, हे शक्य नाही."

ती म्हणाली, "काका, मला पैसे नकोत. लग्नात आमची फजिती व्हायची ती झाली. पण तुम्ही त्या चिठ्ठ्या एकदा वाचल्यात का?"

मी म्हटलं, "चिठ्ठ्या तिच्या हातच्या आहेत, त्या मी कशाला वाचू?" आणि फोन ठेवला.

मग मी नीट विचार केला. गिऱ्हाईक एवढं मोठं नाटक करणार नाही, लग्नघरात तर नाहीच. म्हणजे वाटेत कोणीतरी माल काढून फडकी भरली. फडकी आमच्या घरची, हे किरणनं पाठवलेल्या फोटोत मी ओळखलं. आमच्या घरापर्यंत येणारा आणि पार्सल हाताळणारा माणूस एकच आहे.

मी कुरिअरच्या ऑफिसला लेखी तक्रार केली. तारीख, वेळ, नग, सगळं मुद्देसूद.

चारुलताला सांगितलं तर ती एकदम उभी राहिली. "अय्युबभाऊ नाहीत हो. ते नाहीत."

"मग कोण?"

ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. फार हळवी आहे ती. कोणाबद्दल वाईट मानायला तिचं मन तयारच होत नाही.

५ एप्रिल

पार्सल न्यायला दुसरा माणूस आला. नाव विचारलं नाही.

११ एप्रिल

धुळ्याच्या मोतीलालची चौथी ऑर्डर. या माणसाला काही कळत नाही. दुसऱ्या वेळेला त्याला मसाल्याच्या पाकिटात नुसते धने मिळाले म्हणे, तिसऱ्या वेळेला काय मिळालं ते त्यानं सांगितलंच नाही. तरी मागवतो. आणि आज निरोप: 'लीलाधरभाऊ, एकदा धुळ्याला येणं होईल का? तुमच्याशी बोलायचं आहे. फोनवर बोलण्यासारखं नाही.'

हा सरळसरळ दम आहे. बहुतेक ग्राहक मंचाची धमकी देणार. मी उत्तर दिलं नाही.

आता रोज एक तरी तक्रार असते. वाचायला लागलो की छातीत भरून येतं. तिला वाचून दाखवणं बंद केलंय. पण मी मोबाइल हातात घेतला की ती हातातलं काम थांबवून माझ्या तोंडाकडे बघत बसते.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया, आमची आखाजी

सारिका काल आली. सासरी तेरा वर्षं झाली, पण एकही आखाजी चुकवलेली नाही. सकाळी घागर भरली, माझ्या वडिलांच्या नावानं पान वाढलं. घरात आंब्याचा वास, ओट्यावर गल्लीतल्या पोरींचा झोका. मला वाटलं, चला, दोन दिवस तरी त्या ताऱ्यांपासून सुटका.

दहाच्या सुमाराला सारिका स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली. चेहरा पांढरा. म्हणाली, "नाना, जरा आत या. बोलू नका, नुसतं बघा."

चारुलता ओट्यापाशी उभी होती. समोर सांजोऱ्यांच्या पाऱ्या लाटून ठेवलेल्या, सारण भाजलेलं, कढईत तेल तापून धूर निघायला लागलेला. ती हातात पारी धरून उभी होती. एकदा सारणाकडे बघायची, एकदा तेलाकडे. जणू कोणी सांगेल म्हणून थांबलेली. सारिकानं पुढे होऊन गॅस बंद केला तर दचकली आणि म्हणाली, "आई येस का अजून?"

तिची आई जाऊन वीस वर्षं झाली.

बाहेर आल्यावर सारिका म्हणाली, "आईला जळगावला दाखवू या. मेंदूच्या डॉक्टरला."

मला संताप आला. मी म्हटलं, "मेंदूला काही झालेलं नाही. तुझ्या त्या मोबाइलच्या दुकानानं तिची ही दशा केली. चारी बाजूंनी लोक तिला खोटं ठरवतात. कोणाचंही डोकं फिरेल."

"नाना, लोक खोटं ठरवत नाहीयेत तिला."

"मग काय, मी ठरवतोय?"

ती रडायला लागली. सणाच्या दिवशी लेक माहेरी रडली. मी बोलायला नको होतं. पण तिनंही तसं बोलायला नको होतं.

३ मे

सारिका गेली. जाताना आईला मिठी मारून किती वेळ उभी होती. मला फक्त म्हणाली, "येते." मी तिला स्टँडवर सोडायला गेलो नाही.

१२ मे

आज धुळ्याला जाऊन आलो. जे झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

त्या मोतीलालला तोंडावर सुनवायचं ठरवून सकाळी पारोळ्यावरून एसटीनं गेलो. चारुलताला शेजारच्या दिपमालावहिनींकडे बसवलं. पिशवीत त्याच्या पाचही ऑर्डरींचे कागद, ओळीनं लावलेले. (पाचवी परवाच आली होती.) देवपूरमध्ये घर सापडलं. साधं, दोन खोल्यांचं. दार उघडलं ते सत्तरीच्या माणसानं. अंगात बनियन, हातात भाजी निवडायचं ताट. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला, घरात एकटा.

मी नाव सांगितलं. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला. "आलात. बरं झालं." मी हात सोडवून घेतला आणि कागद काढायला लागलो. ते म्हणाले, "कागद राहू द्या भाऊ. आधी चहा घ्या."

"चहा प्यायला आलो नाही. आमच्या मालात काय खोट आहे ते सांगा."

ते आत गेले आणि एक बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आले. त्यात चिठ्ठ्या होत्या. चारुलताच्या. एकेक काढून माझ्यासमोर सतरंजीवर ठेवली.

पहिली: 'मंद आचेवर तळावे. हवाबंद डब्यात ठेवावे. आपली, अक्का.'

दुसरी: 'मंद आचेवर तळावे तळावे तळावे. आपली.'

तिसरी: 'सारिकाची शाळा साडेपाचला सुटते. आणायला जाणे. रस्ता कोणाला विचारणे.'

चौथी मी हातात घेतली. ती गिऱ्हाइकासाठी लिहिलेलीच नव्हती. घडी पडून पडून मऊ झालेली, बरेच दिवस कमरेला खोचून ठेवलेली असावी, आणि चुकून पाकिटात गेलेली. त्यावर लिहिलं होतं: 'मी चारुलता. भडगाव. डावीकडे बिबड्या, उजवीकडे पापड. यांच्या वरणात मीठ घालायचे नाही. घालायचे नाही. विसरते हे त्यांना कळू द्यायचे नाही.'

मी ती किती वेळा वाचली माहीत नाही. पंखा चालू होता आणि चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून मोतीलालभाऊ त्यांवर हात ठेवून बसले होते.

मग ते बोलले. "माझ्या घरात आठ वर्षं होतं हे. भिकुबाईला, माझ्या बायकोला. दोन वर्षं झाली तिला जाऊन. तुमच्या दुसऱ्या चिठ्ठीवरच मला शंका आली. ती पण असंच करायची. एक शब्द धरला की सुटायचा नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तुम्ही लोकांना दिलेली उत्तरं वाचली होती मी." हे ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "म्हटलं, ओळखीपाळखीशिवाय असं लिहिलं तर हा माणूस ऐकायचा नाही. समोर बसूनच बोलायला पाहिजे. तोवर मागवत राहिलो. त्यांच्या हाताला काम राहील एवढंच. आमच्या घरात मी तिचं काम काढून घेतलं होतं, विळी, गॅस, सगळं. त्यानंतर ती लवकर गेली असं मला वाटतं. डॉक्टर म्हणतात, तसं नसतं."

मी उठलो.  त्यांनी स्टँडपर्यंत सोबत केली. 

घरी आलो तर चारुलता वहिनींकडून परत आलेली, दारात उभी. म्हणाली, "कोणाशी भांडलात का?" मी म्हटलं, "नाही." म्हणाली, "मग चेहरा असा का?"

मी सारिकाला फोन लावला. धुळ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "नाना, मी येते."

२२ मे

जळगावला दाखवलं. सारिका सोबत होती. डॉक्टर भले होते. तिला चित्रं दाखवली, घड्याळ काढायला सांगितलं. तिनं गोल काढला आणि सगळे आकडे एका बाजूला लिहिले, मग लाजली. आज वार कोणता विचारल्यावर म्हणाली, "मंगळवार. पार्सलचा दिवस." आज गुरुवार. फोटोही काढले मेंदूचे. बरं होणारं नाही, म्हणाले. सावकाश नेता येईल. त्यांनी विचारलं, घरात बदल कधीपासून जाणवला?

मी म्हटलं, "फेब्रुवारीपासून लोक लेखी कळवत होते."

त्यांना ते समजलं नाही. सारिकानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

२६ मे

दुकान बंद करायचं आहे, पण आधी एक काम. माझी सगळी उत्तरं पुन्हा वाचली. चौदा आहेत. भाषा निर्दोष आहे. प्रत्येकात मी समोरच्याला लबाड ठरवलंय.

एकेक खोडून त्या जागी लिहिलं: 'तक्रार खरी होती. चूक आमची. मी आपल्याला खोटे ठरवले, याची माफी मागतो. लीलाधर.' तिच्या आजाराचं लिहिलं नाही. सारिका म्हणाली, लिहा, लोक समजून घेतील. पण तिनं ते लपवायला एवढे कष्ट घेतले, ते मी बाजारात का मांडू?

मग फोन केले. नागपूरचे गृहस्थ विसरूनही गेले होते. किरणनं 'अक्का कशा आहेत?' एवढंच विचारलं. तिनं तेव्हाच ओळखलं होतं.

रावेरच्या मंतशानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या सासूनं वाचलं होतं तुमचं ते. सगळ्या बायकांनी वाचलं. ईदपर्यंत मला विचारत होत्या, खरंच फुकट खायला फोटो काढला का म्हणून. शिवी सगळ्यांसमोर दिलीत आणि माफी फोनवर मागताय."

मी म्हटलं, "तिथंही लिहिलंय, बेटा. सगळ्यांना दिसेल असं."

"आता कोण वाचणार आहे तिथं?" ती म्हणाली, आणि फोन ठेवला. तिचं बरोबर आहे.

३० मे

अय्युबभाईंच्या घरी गेलो. ते घरी नव्हते. कुरिअरनं त्यांना काढून टाकलं एप्रिलमध्येच. आता ते रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला जातात, आठ आठ दिवस तिकडेच. अठ्ठावन्नाव्या वर्षी घड उचलतात. हे सगळं अमिनाबीनं, त्यांच्या बायकोनं, दारात उभं राहून सांगितलं. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, मी ऑफिसला लिहून देतो, तक्रार खोटी होती म्हणून. ती म्हणाली, "द्या." मी लिहूनच नेलं होतं. तिनं कागद घेतला. आत बोलावलं नाही.

निघताना मात्र म्हणाली, "अक्कांना नका सांगू हे. त्या मनाला लावून घेतील."

४ जून

कुरिअरच्या ऑफिसचं उत्तर आलं. जागा भरली गेली आहे, खेद वाटतो. भाषा निर्दोष आहे.

२१ जून

मोतीलालभाऊ आले होते, एसटीनं. चारुलतासोबत बसून अर्धा तास भुईमुगाच्या शेंगा सोलल्या. ती त्यांना भाऊ म्हणते, कोण आहेत ते विचारत नाही. सोललेले दाणे तिनं टरफलांत मिसळून टाकले, तर तेही मिसळायला लागले, आणि मग दोघांनी पुन्हा सगळे निवडले.

मला पाणी प्यायला आत जावं लागलं.

अय्युबभाईंचा फोन लागतो, ते उचलत नाहीत. दर शुक्रवारी करतो.

१३ जुलै

आज दुपारी तिच्या गोळ्या आणायला गेलो होतो. परत आलो तेव्हा ती ओट्यावर एकटी बसलेली, लुगड्याचा पदर नीट डोक्यावर घेतलेला. वहिनी नुकत्याच आत गेल्या होत्या. मी पायरीवर चप्पल काढली तर ती उठून उभी राहिली.

"या भाऊ, बसा. काय जोयजे?"

मी इकडेतिकडे बघितलं. दुसरं कोणी नव्हतं. तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण अदब होती, दारात आलेल्या गिऱ्हाइकासाठी असते ती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अशा वेळी खोडून काढू नका. मी बसलो आणि म्हटलं, "पापड पाहिजे होते."

"बंद करं आते. हात चालत नई." तिनं तळहात उलटा करून बघितला. मग जरा जवळ सरकली आणि हळू आवाजात विचारलं, "तुमना मालमां काही खराबी निंघनी व्हती का?"

"नाही," मी म्हटलं. "चांगला होता माल."

तिनं मान हलवली, समोरचा माणूस भिडेपोटी बोलतोय हे कळल्यासारखी. मग दाराकडे बघितलं, आत कोणी ऐकत नाही ना म्हणून.

"आमना घरना भलता चिडतस गिऱ्हाईकवर. तुम्ही मनवर ल्यू नका. चुकी मन्ही व्हती. माले समजे, पन त्यासले सांगता ये ना. त्यासना जीव शे मन्हावर." आणि माझ्या बाहीला बोट लावून म्हणाली, "तुम्ही बी सांगू नका त्यासले."

मी म्हटलं, "नाही सांगणार त्यांना."

"नक्की ना?"

"नक्की."

तिला बरं वाटलं. आत जाऊन माझ्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आली, आणि मी ते पिऊन होईपर्यंत समोर उभी राहिली.